घरच्या स्पीकरवर पियानो आणि बासरी

आज विषय वाद्यसंगीताचा आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी गवई नाही आणि वादकही नाही. तोफखान्यात नोकरी केली, निवृत्त झालो आणि इथं शिवालिकच्या पायथ्याशी घर केलं. संगीताशी माझं नातं फक्त ऐकणाऱ्याचं, तेही अर्ध्या कानाने ऐकणाऱ्याचं. साठीनंतर ऐकू कमी येतं म्हणून ज्यांनी गाणी लावणंच सोडलं, त्यांच्यासाठी हा भाग आहे.

तोफखान्यातल्या अनेकांप्रमाणे मीही देवळालीला शिकलो आणि मग युनिटमध्ये गेलो. रेंजवर १०५ मिलिमीटरची तोफ धडाडायची तेव्हा कानात कापूस असायचा. पण रेडिओवरचा हुकूम नीट कळावा म्हणून मी तो काढून खिशात टाकायचो. कुणी तसं सांगितलं नव्हतं, ती माझीच मर्दुमकी. तिचं बिल निवृत्तीनंतर आलं. कानाची तपासणी झाली, तेव्हा आलेखावरची रेघ बरीच सरळ चालत येऊन ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडलेली दिसली. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या शंखातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात. त्यात ३००० ते ६००० हर्ट्झचा पट्टा आधी जातो, आणि माणसाच्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

घरात याचा अर्थ काय? सौ. म्हणते ‘सात’ आणि मला ऐकू येतं ‘हात’. ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांचा जीव वरच्या कंपनांत असतो, नेमका माझ्या खड्ड्यात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. त्यामुळे भावगीत लावलं की चाल पोचायची, शब्द नाही. शब्द पकडण्यासाठी मी आवाज वाढवायचो, तरी शब्द ते शब्दच, आणि सौ. उठून गच्चीत जायची. संगीताची खरी आवड तिची, मी तिच्यामुळे ऐकायला लागलो. वर्षभर ती संध्याकाळी माझ्याजवळ बसली नाही. तुमच्या आवाजाने डोकं दुखतं, एवढंच म्हणायची.

मग एके दिवशी योगायोगाने बासरीची रेकॉर्डिंग लावली आणि लक्षात आलं, हे तर मला पूर्ण ऐकू येतंय! कारण साधं आहे. मैफिलीतल्या लांब बासरीचा षड्ज बहुधा सफेद तीनच्या आसपास, म्हणजे सुमारे ३३० हर्ट्झवर असतो. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत धरलं तर साधारण २५० ते १००० हर्ट्झ झाले. सगळा खेळ माझ्या शाबूत कानात. फुंकरीचा जो बारीक ‘सूं’ असतो तो थोडा हुकतो, पण राग हुकत नाही. ही लांब बासरी मैफिलीत आणली पन्नालाल घोष यांनी (१९११–१९६०). त्याआधी बासरी लहान, उंच आवाजाची, लोकगीतांना साथ करणारी. त्यांनी सुमारे ३२ इंचांचा बांबू घेतला, आवाज खाली आणला आणि तिच्यावर ख्याल वाजवला. आमच्यासारख्या कानांवर त्यांचे उपकारच म्हणायचे.

पियानोला ८८ पट्ट्या. सर्वांत खालची २७.५ हर्ट्झची आणि अगदी वरची ४१८६ ची. म्हणजे मूळ स्वर पाहिले तर माझ्या खड्ड्यात शेवटच्या काही पट्ट्याच पडतात, आणि त्या क्वचितच वाजतात. पण पियानो स्पीकरची परीक्षा घेतो. बासरीचा स्वर श्वासाबरोबर फुलतो, रेंगाळतो, मींड घेतो. पियानोत नमद्याची हातोडी तारेवर पडते, क्षणात ठोका येतो आणि तिथून स्वर विरतच जातो. तो ठोका धूसर झाला की पियानो डबा वाजवल्यासारखा लागतो. माझ्याकडे तेच होत होतं. दोष मी आधी कानाला दिला, मग स्पीकरला. खरा दोष मांडणीत होता.

एक स्पीकर शोकेसमध्ये, दुसरा कपाटावर. मी बाजूच्या सोफ्यावर. तोफ अशी लावली असती तर माझं काय झालं असतं ते सोडा. आता रचना अशी आहे: दोन स्पीकर एकमेकांपासून सुमारे २ मीटर, माझी खुर्चीही दोघांपासून तेवढीच, म्हणजे समभुज त्रिकोण. स्पीकरमधला छोटा गोल, ज्यातून उंच स्वर येतात, तो बसल्यावर कानाच्या उंचीला हवा. उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, समोर नसाल तर चुकतात. ज्याच्या कानात ते आधीच कमी, त्याने ते फुकट का घालवायचे? शिवाय जवळ बसण्याचा फायदा मोठा. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींमुळे एवढा वाढत नाही, तरी बटण फिरवण्यापेक्षा खुर्ची सरकवणं स्वस्त.

पुढची गोष्ट खोलीची. माझी खोली साडेतीन मीटर लांब. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. लांबीच्या दुपटीने, म्हणजे ७ ने भागा, ४९ येतात. एवढ्या हर्ट्झचा स्वर वाजला की समोरासमोरच्या भिंती मिळून घुमायला लागतात. पियानोच्या डावीकडे नेमका एक स्वर ४९ हर्ट्झचा आहे. तो आला की खिडकीची काच थरथरायची आणि पुढचे चार स्वर त्यात बुडायचे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणले, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली, आणि हे घुमणं बरंच उतरलं. तुमच्या खोलीचं गणित तुम्ही करून बघा, मजा येते.

मग बाजूच्या भिंती. नातवाला हातात आरसा दिला आणि भिंतीला लावून सरकवायला सांगितलं. मी खुर्चीत. आरशात जिथं स्पीकर दिसला, तिथून आवाज उसळी घेऊन कानात येतो, मूळ आवाजाच्या किंचित मागून. त्या जागी सासूबाईंची जुनी गोधडी टांगली, खाली सतरंजी घातली. पियानोचा ठोका लगेच स्वच्छ झाला. मात्र सगळ्या भिंती मढवू नका. कापड उंच स्वर आधी गिळतं, खोली मुकी होते.

मोठ्या बाससाठी वेगळा डबा घ्यावा का? पियानो आणि बासरीसाठी मला गरज वाटत नाही. छोटे स्पीकर पियानोचा सर्वांत खालचा मूळ स्वर काढत नाहीत, पण त्याच्या वरचे उपस्वर काढतात, आणि त्यावरून मेंदू खालचा स्वर आपण होऊन भरतो. जुना टेलिफोन आठवा. त्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तो तारेतून यायचाच नाही. तरी पलीकडे कोण आहे ते आपण ओळखायचोच ना?

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी इथं लक्ष द्या. मी यंत्र लावून पहिल्यांदा बासरी ऐकली तेव्हा स्वर कापायला लागला, मध्येच दुसरीच शिट्टी उमटली. यंत्राला वाटत होतं की आपलाच आवाज फिरून शिट्टी वाजतेय, ती दाबावी. बासरीचा लांब, सरळ स्वर आणि यंत्राची शिट्टी त्याला एकसारखी. ही यंत्रं बोलणं समजावं म्हणून बनलेली असतात. यंत्र बसवून देणाऱ्याला सांगितलं की बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम ठेवता येतो. तो घ्या. शांत खोलीत, जवळ बसून, यंत्राशिवायही एकदा ऐकून बघा. मला बासरी बहुधा तशीच बरी वाटते.

आवाजाची मर्यादा पाळा, उरलेला कान वाचवायचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. ९० वर गेलात तर तेच ४० तास ४ तासांवर येतात. फोनवरचं मापक अगदी अचूक नसतं, पण अंदाजाला पुरतं. माझ्या खुर्चीत आता काटा सत्तरच्या खालीच राहतो, आणि तरी पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतं. बद्दीकडे जाणारे ट्रक वाजत असतात तेव्हा मी लावत नाही. त्यांच्यावर मात करायला गेलं की बटण पुन्हा वर सरकतं.

सुरुवात कशाने करावी? १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी, काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. त्या डोंगरांत मी बंकरमध्ये राहिलोय, मेंढपाळ लांबून पाहिलेत, त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाही. पियानोसाठी ब्रायन सायलस यांनी वाजवलेली हिंदी चित्रपटगीतं. यात आमच्यासारख्यांचा खास फायदा आहे: शब्द आधीच पाठ असतात, पियानो चाल देतो, शब्द आपण आतून भरतो. गळलेलं व्यंजन कुणाला लागतंय? नंतर शोपँचे नॉक्टर्न. संथ आहेत, एकेक स्वर विरताना ऐकता येतो.

शेवटची एक अडचण. त्रिकोणाच्या टोकाला खुर्ची एकच मावते आणि सौ. आता रोज आपली खुर्ची घेऊन येते. बाजूला बसलं की जवळचा स्पीकरच ऐकू येतो. त्यावर उपाय असा: दोन खुर्च्या शेजारी ठेवा आणि प्रत्येक स्पीकरचं तोंड लांबच्या खुर्चीकडे वळवा, म्हणजे दोन्हींच्या रेषा तुमच्या पुढ्यात एकमेकींना छेदतील. जवळचा स्पीकर तुमच्यावर थोडा तिरपा, लांबचा सरळ, असा हिशोब जमतो. आमच्याकडे दोन संध्याकाळी लागल्या. ती सांगायची, अजून थोडा आत, आणि मी वळवायचो.