सेन्सेक्स वर, शेअर खाली!

आदिलाबादच्या यार्डात एका गाडीच्या कापसाला चढा भाव मिळाला, म्हणून बाजार चढला असे आपण म्हणत नाही. आणखी दहा गाड्यांची चौकशी करतो. शेअर बाजारातही तेच. सेन्सेक्समध्ये 30 कंपन्या, पण मोठ्या कंपनीचे वजन जास्त. चार बडे शेअर वधारले की बाकीचे पडूनही आकडा हिरवाच दिसतो.

म्हणून साऱ्या बाजारातील वाढलेल्या शेअर्सच्या संख्येला घटलेल्यांच्या संख्येने भागतात. 1200 वाढले, 800 घटले, तर गुणोत्तर 1.5. (हे गणित सातवीच्या मुलांनाही जमेल.) त्याच दिवशी घेऊन विकणारे सकाळी 9.15 ला बाजार उघडताच उडी घेत नाहीत. निर्देशांकाबरोबर गुणोत्तरही चढत असेल तर खरेदी. निर्देशांक चढतो आणि गुणोत्तर उतरते, तर थांबतात.

मात्र गुणोत्तर आत्ताचे सांगते, पुढच्या तासाचे नाही. सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये शेअर्सचे असे एका दिवसाचे सौदे करणाऱ्या दर 10 पैकी 7 जणांना तोटा झाला. आम्हाला विचाराल तर कापसाचे पैसे यात घालू नयेत. दहावीच्या मुलांनी महिनाभर रोजचे गुणोत्तर वहीत मांडावे. चांगला आलेख आम्ही फलकावर लावू.