तिसरे अपत्य आणि सरपंचपद

पूर्णा तालुक्यातील ताडकळस असो वा राज्यातील अन्य कोणतेही गाव, ग्रामपंचायतीची निवडणूक लढविणाऱ्यास आपल्या अपत्यांचाही हिशेब द्यावा लागतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार ती व्यक्ती अपात्र ठरते. निवडून आल्यानंतर तिसरे मूल जन्मले, तरी पद जाते. एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाल्यास ती मात्र एकच अपत्य मानली जातात. मूल दत्तक देऊनही सुटका नाही. ओडिशातील अशाच कायद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निर्वाळा दिला. आमदार-खासदारांना अर्थातच ही अट नाही!

कुटुंबनियोजनात सक्तीचा मोह महाराष्ट्राला नवा नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीन अपत्यांनंतर नसबंदी अनिवार्य करणारे विधेयक राज्य विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. फेब्रुवारी २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने ऐच्छिकतेचे तत्त्व स्वीकारले. तरीही अपात्रतेची तरतूद टिकली.

हरियाणातील अशाच तरतुदीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २००३ रोजी जावेद खटल्यात फेटाळले. निवडणूक लढविणे हा मूलभूत नव्हे, तर कायद्याने दिलेला हक्क आहे, असे न्यायालय म्हणाले. इच्छा नसताना तिसरे मूल जन्माला घालावे लागण्याइतक्या स्त्रिया असहाय नाहीत, असेही मत निकालात आहे. ग्रामीण घरांतील वास्तव पाहता हे मत पटण्यासारखे नाही. किती मुले व्हावीत, हे अनेकदा सासर ठरविते. पद मात्र सुनेचे जाते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असताना हा विरोधाभास अधिकच बोचतो.

पुढे न्यायालयाची भूमिकाही विस्तारली. अपत्याविषयीचा निर्णय हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे २००९ च्या सुचिता श्रीवास्तव निकालाने सांगितले, तर २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. केंद्र सरकारनेही २०२० मध्ये सक्तीला विरोध असल्याचे प्रतिज्ञापत्राद्वारे न्यायालयास कळविले.

ज्या हरियाणातून जावेद खटला उद्भवला, त्या राज्याने २००६ मध्ये ही अट काढून टाकली. हिमाचल व मध्य प्रदेशाने ती त्याआधीच, २००५ मध्ये, रद्द केली होती. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये. महाराष्ट्रातील एकूण जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ पेक्षाही कमी. ही अट हटविण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. विधिमंडळाने संबंधित अधिनियमांत दुरुस्ती करणे पुरेसे आहे.