थंडीने दिलेले प्रशस्तिपत्र

फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह ही २२० किलोव्होल्टची वीजवाहिनी राष्ट्राला अर्पण करण्यात आली आणि लडाख देशाच्या वीजजाळ्याशी जोडला गेला. या मार्गावरील द्रास येथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो. अशा प्रदेशात रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळणे ही साधी गैरसोय नव्हे; बर्फाने घाट अडला, तर दुसरे रोहित्र तेथे पोहोचविणेही दुरापास्त. म्हणून त्याची प्रकृती वेळीच तपासणे अगत्याचे आहे. परंतु तपासणी गारठ्यात केली, तर तीच फसवी ठरते.

रोहित्राच्या वेटोळ्यांवर कागदाचे वेष्टन असते व ती तेलात बुडविलेली असतात. ओलावा हा या वेष्टनाचा मोठा शत्रू. तो बहुतांशी कागदातच दडतो. तेल तापले की त्यातील काही अंश तेलात उतरतो आणि तेल निवले की हळूहळू कागदात परततो. साहजिकच थंड तेलाचा नमुना कोरडा ठरतो. कागद मात्र ओलाच असतो.

मेगरच्या चाचणीचीही तीच गत. उष्णतामान १० अंशांनी उतरले की वेष्टनाचा विद्युतरोध ढोबळमानाने दुप्पट होतो. २० अंशांना ५०० मेगओहम असलेला रोध उणे १० अंशांना सुमारे ४,००० भरेल. वेष्टन मात्र तिळमात्र सुधारलेले नसते! शिवाय साचलेले पाणी गोठले, तर बर्फातून वीज पाण्याइतकी सहज वाहत नाही आणि दोष चाचणीतून निसटतो. बर्फ वितळल्यावर तो पुन्हा डोके वर काढतो.

ऐन हिवाळ्यात पुरवठा बंद ठेवून तपासणी कशी करावी, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण तेलाचा नमुना रोहित्र चालू असतानाही घेता येतो, आणि भार काही दिवस स्थिर राहिल्यावर ऊन तेलाचा घेतलेला नमुनाच अधिक विश्वसनीय असतो. मेगर लावायचा, तर रोहित्र बंद केल्यावर ते पुरते गारठण्यापूर्वी लावावा. दोन्ही वेळी तेलाचे उष्णतामान टिपावे आणि रोधाचे आकडे २० अंशांच्या पायावर आणूनच मागील नोंदींशी ताडून पाहावेत. गोठणबिंदूखालील चाचणीवरून रोहित्र कोरडे असल्याचा निर्वाळा देऊ नये.

यासाठी मोठा खर्च लागत नाही; नोंदवहीत एक रकाना पुरतो. उष्णतामानाचा तो रकाना रिकामा असेल, तर शेजारचा आकडा कितीही देखणा असला तरी त्यावर विसंबू नये.