शैवालतेलाची साडेचार दशके

तेलटंचाईचे चटके बसल्यावर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ मध्ये सूक्ष्मशैवालांपासून इंधन मिळवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. १९९६ मध्ये तो गुंडाळला गेला, तोवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च होऊन तीन हजारांहून अधिक वाण गोळा झाले होते. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल या तेलकंपनीने जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जिनॉमिक्सशी करार करून साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दाखवली. २०२३ मध्ये तीही बाहेर पडली. या दोन्ही पर्वांचा हिशेब मांडला, तर दोष शैवालाचा कमी आणि आपल्या अपेक्षांचा जास्त दिसतो. मुबलक पाण्यात विरळ पसरलेल्या या पिकाकडून आपण बाजारातले सर्वांत स्वस्त द्रव मागत राहिलो.

नत्र तोडले की शैवाल पेशीत तेल साठवते, हे पहिल्याच पर्वात पक्के झाले. पण त्याच वेळी पेशींची वाढ मंदावते, त्यामुळे एका तळ्यातून दिवसाकाठी मिळणारे एकूण तेल वाढत नाही. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल येथे हजार चौरस मीटरच्या उघड्या तळ्यांत एखाद्या दिवशी चौरस मीटरमागे पन्नास ग्रॅम शैवाल मिळाले, पण थंडीमुळे सरासरी दहा ग्रॅमच्या आसपासच राहिली. पुढचा अडथळा पाण्याचा. लिटरमागे अर्धा ग्रॅम शैवाल आणि त्यात पाव हिस्सा तेल धरले, तर एक किलो तेलासाठी आठ हजार लिटर पाणी ढवळावे, उपसावे आणि गाळावे लागते. या कामाला लागणारी ऊर्जा तेलाच्याच खात्यावर पडते.

यावर असे म्हणता येईल, की तेव्हा खनिज तेल स्वस्त होते आणि जनुकशास्त्र अपुरे. दोन्ही खरे आहे. पण २००८ मध्ये तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले आणि काही महिन्यांत कोसळलेही; अशा भावावर तळी खोदता येत नाहीत. २०१७ मध्ये नॅनोक्लोरोप्सिस या शैवालाचे एक नियामक जनुक मंदावून, वाढ फारशी न खुंटता तेल दुप्पट झाले. हे यश मोठेच आहे. तरीही त्या सरकारी कार्यक्रमाच्या १९९८ च्या समारोप अहवालाचा इशारा आजही दुर्लक्षिता येत नाही: उत्पादकतेची भरघोस गृहीतके धरूनही शैवाल-डिझेलचा खर्च तेव्हाच्या डिझेलच्या दुप्पट येत होता. वाण सुधारला म्हणून उपसा आणि गाळणी फुकट होत नाही.

मग संशोधन थांबवावे का? मुळीच नाही. स्पिरुलिना किंवा बीटा-कॅरोटिनसाठी शैवालशेती आजही पैसे मिळवते, कारण तिथे किलोला मिळणारा भाव इंधनाच्या कित्येक पट आहे. सांडपाण्यात नत्र, स्फुरद आणि पाणी आयतेच असते; ते शुद्ध करण्याचा खर्च शहरांना तसाही करावा लागतो. शैवालाने आधी ते काम करावे आणि इंधन जोडउत्पादन म्हणून घ्यावे, हाच क्रम हिशेबात बसतो. सरकारी पैसा तेलाच्या भावाबरोबर सुरू आणि बंद न होता या कामाला सलग मिळायला हवा.