माणूस दिसला, चेहरा नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एक दुचाकी चोरीला गेली. सकाळी सोसायटीच्या ऑफिसमध्ये आम्ही सातआठ जण मॉनिटरभोवती गर्दी करून उभे होतो. रात्री २ वाजून ४० मिनिटांनी एक जण गेटमधून आत येतो, गाडी ढकलत बाहेर नेतो. सगळं दिसत होतं, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट पुंजका. कोणीतरी म्हणालं, "जरा झूम करा ना." झूम केल्यावर ठिपके तेवढे मोठे झाले.

नंतर मी फायलीतून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं कोटेशन काढलं. '८ चॅनल डीव्हीआर, २ मेगापिक्सेल बुलेट, २.८ एमएम, आयआर २० मीटर, आयपी ६६, १ टीबी.' मीटिंगमध्ये आम्ही त्या कागदावरचा एकच आकडा वाचला होता, रुपयांचा. चोर का ओळखता आला नाही, हे त्याच ओळीत लिहिलेलं होतं.

२ मेगापिक्सेल म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. कॅमेऱ्यासमोर जेवढा भाग येईल, त्या सगळ्यावर हे ठिपके वाटले जातात. भाग किती येणार, हे ठरवते लेन्स. २.८ एमएमच्या लेन्समध्ये अख्खं आवार मावतं, म्हणून बसवणाऱ्यांची ती आवडती. चित्र पाहून गिऱ्हाईकही खूश होतं. पण आवार जितकं जास्त, तितके एकेका माणसाच्या वाट्याला येणारे ठिपके कमी.

किती ठिपके पुरतात, याचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं आहे. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर तो उभा असेल तिथल्या एक मीटर रुंदीला २५० ठिपके हवेत. ओळखीचा माणूस १२५ मध्ये कळतो. कोणीतरी आहे, एवढंच कळायला २५ पुरतात. आता १९२० ला २५० ने भागा. उत्तर येतं ७.६८ मीटर, म्हणजे साधारण २५ फूट. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात गेटपाशी २५ फुटांपेक्षा जास्त रुंदी दिसत असेल, तर तिथून आलेल्या परक्या माणसाचा चेहरा पुराव्याला उपयोगी पडेल, ही आशा सोडा.

आमचा कॅमेरा गेटपासून सुमारे १५ मीटरवर, जिन्याच्या भिंतीला होता. तेवढ्या अंतरावर २.८ एमएमची लेन्स जवळजवळ ३८ मीटर रुंदी दाखवते. म्हणजे मीटरला ५० ठिपके, आणि माणसाचा चेहरा जेमतेम १५-१६ सेंटिमीटर रुंद. त्या चोराच्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे आठ ठिपके आले होते! त्याच जागी, त्याच कॅमेऱ्याला १२ एमएमची लेन्स असती, तर २५० चा टप्पा गाठला असता. आवारासाठी रुंद लेन्स आणि गेटसाठी अरुंद, असे दोन कॅमेरे लागतात. एकाकडून दोन्ही कामं होत नाहीत. नेमकी लेन्स कळत नसेल, तर 'व्हेरिफोकल' मागा. ती बसवल्यावर कमीजास्त करता येते.

'आयआर २० मीटर' मधलं 'आयआर'ही नीट समजून घ्यायला हवं. अंधार पडला की कॅमेऱ्यात टिक असा बारीक आवाज होतो, आतली एक काच सरकते आणि चित्र काळंपांढरं होतं. मग कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड, म्हणजेच आयआर, उजेडात पाहतो. या उजेडात कपड्यांचे रंग कळत नाहीत, गडद शर्टसुद्धा पांढरट दिसू शकतो. त्यामुळे रात्रीच्या फुटेजवरून 'पांढऱ्या शर्टातला' असं वर्णन पोलिसांना देऊ नये. शिवाय हा उजेड देणाऱ्या कॅमेऱ्यातल्या दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि काचेसमोरचं जाळं चमकून सगळं चित्र धुरकट होतं. आमच्या कॅमेऱ्यावर असं जाळं होतंच. महिन्यातून एकदा मऊ फडकं फिरवायला पैसे पडत नाहीत.

गेटमागे सकाळचं ऊन असेल, तर आत येणारा माणूस नुसता काळा दिसतो. त्यासाठी कोटेशनमध्ये 'डब्ल्यूडीआर' हा शब्द हवा. त्याच्या आधी 'डी' जोडलेला असेल तर ती सॉफ्टवेअरने केलेली सारवासारव असते.

'आयपी' या अक्षरांनी बरेच जण गोंधळतात. 'आयपी कॅमेरा' म्हणजे नेटवर्कवर चालणारा. त्याचं रेकॉर्डिंग एनव्हीआर या रेकॉर्डरमध्ये होतं, आणि पीओई असेल तर चित्र आणि वीज एकाच केबलमधून जाते, १०० मीटरपर्यंत. साध्या कॅमेऱ्याला डीव्हीआर हा रेकॉर्डर आणि '३+१' (तीन साध्या तारा आणि चित्रासाठी एक कोअ‍ॅक्सियल) केबल लागते. 'आयपी ६६' मात्र वेगळं. पहिला ६ धुळीसाठी, दुसरा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यासाठी. आपल्या पावसाला एवढं लागतंच.

आणि हार्ड डिस्क. एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर दिवसाला ४३ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे साधारण ३४५. म्हणजे १ टीबीची डिस्क तीन दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढू लागतं. 'एच.२६५' पद्धतीने जागा जवळपास निम्मी लागते, तरी सहा दिवसच. आठवड्याची सुट्टी संपवून आलेल्या माणसाला चोरी कळेपर्यंत फुटेज पुसलं गेलेलं असतं. महिन्याचं रेकॉर्डिंग हवं असेल, तर 'टीबी किती' असं न विचारता 'किती दिवस' असं विचारा आणि तो आकडा कागदावर घ्या.

कॅमेरे बसवणाऱ्याच्या समोरच डीव्हीआरचा पासवर्ड बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर काबीज केले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. आणि डीव्हीआरचं घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळतं का, तेही पाहा. फुटेज कोर्टात द्यायची वेळ आली, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. चुकलेल्या वेळेचं फुटेज तिथे फार त्रास देतं.

तुमच्या सोसायटीत नवे कॅमेरे बसत असतील, तर शेवटचा हप्ता देण्याआधी एक काम करा. रात्री नऊनंतर एखाद्या पाहुण्याला गेटमधून चालत आत यायला सांगा, मागून एका गाडीचे दिवे लावून ठेवा. मग ते रेकॉर्डिंग त्या पाहुण्याला कधीच न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि चारचौघांतून त्याला ओळखायला सांगा. ओळखता आलं, तरच चेकवर सही करा.