संगणकीय संगीत

संगणकीय संगीत : अंकीय संगणकाच्या साहाय्याने निर्माण केलेले अथवा रचलेले संगीत. यात दोन भिन्न क्रियांचा समावेश होतो. एकीत संगणक प्रत्यक्ष ध्वनी निर्माण करतो, म्हणजे वाद्याची जागा घेतो. दुसरीत तो स्वरांची निवड व मांडणी करतो, म्हणजे रचनाकाराच्या कामाचा काही भाग उचलतो. दोहोंचा आरंभ १९५१ ते १९५७ या अल्प काळात झाला. त्या वेळचे संगणक शास्त्रीय व व्यावसायिक आकडेमोडीसाठी बांधलेले होते. संगीत हा त्यांच्या निर्मात्यांचा हेतू नव्हता. हव्या त्या ध्वनीची निर्मिती करण्याचे सामर्थ्य यंत्रात लवकर आले. परंतु त्याच्याकडून नेमके काय मागावयाचे, हे ध्वनीच्या व श्रवणाच्या अभ्यासानंतरच उमगत गेले.

आरंभीचे प्रयोग : पहिल्या पिढीच्या काही संगणकांना लहानसा ध्वनिक्षेपक जोडलेला असे. आज्ञावली कोठवर आली अथवा ती थांबली काय, हे चालकाला कानांनी कळावे, एवढाच त्याचा उपयोग होता. विशिष्ट आज्ञेसरशी ध्वनिक्षेपकाला विद्युत् स्पंद मिळून ‘टक्’ असा आवाज होई. असे स्पंद समान कालांतराने व पुरेशा जलद गतीने पाठविल्यास कानाला सुटे आवाज ऐकू न येता अखंड स्वर ऐकू येतो, उदा., सेकंदास ४४० स्पंद दिल्यास ४४० हर्ट्‌झ कंप्रतेचा स्वर उमटतो.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथे ट्रेव्हर पिअर्सी व मॅस्टन बिअर्ड यांनी उभारलेल्या व पुढे ‘सायरॅक’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या संगणकावर जेफ हिल यांनी या तत्त्वानुसार लोकप्रिय चाली वाजविल्या. ऑगस्ट १९५१ मध्ये सिडनीत स्वयंचलित गणनयंत्रांविषयी परिषद भरली. तीत ‘कर्नल बोगी’ या संचलनगीताची चाल जाहीर रीत्या ऐकविण्यात आली. या संगणकाची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिस्पंदांच्या रूपात असे. त्यामुळे साठविलेली आज्ञा हाती येण्यास लागणारा वेळ तिच्या स्थानानुसार बदले. दोन स्पंदांतील अंतर समान राखण्यासाठी आज्ञांची स्थाने काटेकोर हिशेबाने ठरवावी लागत.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठातील फेरँटी मार्क–१ या संगणकावर क्रिस्टोफर स्ट्रेची (१९१६–७५) यांनी अशीच आज्ञावली तयार केली. स्ट्रेची हे तेव्हा शाळेत शिक्षक होते. या संगणकाच्या ध्वनिक्षेपकाचा उपयोग ॲलन ट्युरिंग यांनी आपल्या माहितीपुस्तिकेत वर्णिला होता. १९५१ च्या अखेरीस बीबीसीने ब्रिटिश राष्ट्रगीत व आणखी दोन चालींचे ध्वनिमुद्रण केले. संगणकीय संगीताचे हे उपलब्ध असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण होय. तबकडीच्या गतीतील दोषामुळे त्यातील स्वर बदलले होते; २०१६ मध्ये संशोधकांनी ते मूळ पट्टीत आणले.

या पद्धतीत स्वराची उंची व लांबी ठरविता येई. परंतु स्पंद एकाच प्रकारचे असल्याने नाद कायम तोच, काहीसा कर्कश राही. शिवाय दोन स्पंदांतील काल यंत्राच्या मूळ कालमानाच्या पूर्णांक पटीतच ठेवता येई. त्यामुळे कित्येक स्वर किंचित बेसूर लागत. संगणक येथे शिट्टीसारखा वाजत होता, वाद्य झाला नव्हता.

अंकीय ध्वनिनिर्मितीचे तत्त्व : ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात कालानुसार होणारा चढउतार. हा दाब अतिशय लहान व समान कालांतराने मोजून त्याची संख्यांची माळ तयार करता येते. या प्रत्येक संख्येला नमुना असे म्हणता येईल. ध्वनीतील सर्वाधिक कंप्रतेच्या दुपटीहून जास्त नमुने दर सेकंदास घेतले, तर त्या माळेवरून मूळ तरंग पुन्हा अचूक उभारता येतो. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. म्हणून १९८२ मध्ये बाजारात आलेल्या संहत तबकडीसाठी सेकंदास ४४,१०० नमुने हे मान ठरले. या मानाने एका ध्वनिमार्गावरील केवळ एका मिनिटाच्या संगीतासाठी २६,४६,००० संख्या लागतात.

ही माळ मोजमापातूनच मिळाली पाहिजे, असे मात्र नाही. ती सूत्रानुसार संगणकाने गणित करूनही काढता येते. संख्यांचे विद्युत् दाबात रूपांतर करणाऱ्या परिवर्तकामार्फत ती ध्वनिक्षेपकाकडे पाठविली की, कोणत्याही वाद्यावर कधीही न वाजलेला ध्वनीही ऐकू येतो. ऐकू येऊ शकणारा प्रत्येक ध्वनी अशा रीतीने तत्त्वतः संगणकाच्या आवाक्यात येतो.

मॅथ्यूज यांचे कार्य : हे तत्त्व संगीतासाठी प्रथम राबविण्याचे श्रेय अमेरिकन अभियंते मॅक्स मॅथ्यूज (१९२६–२०११) यांना दिले जाते. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत दूरध्वनीच्या संशोधनासाठी मानवी वाणीचे संख्यांत व संख्यांचे पुन्हा वाणीत रूपांतर करण्याची साधने सिद्ध झाली होती. त्यांचा उपयोग संगीतासाठी करावा, अशी सूचना मॅथ्यूज यांचे वरिष्ठ सहकारी जॉन पिअर्स यांनी केली. त्यातून १९५७ मध्ये ‘म्यूझिक–१’ ही आज्ञावली तयार झाली. तिच्या साहाय्याने न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची ‘द सिल्व्हर स्केल’ ही रचना वाजविण्यात आली.

या आज्ञावलीत एका वेळी एकच स्वर, तोही एकाच तरंगाकाराचा, निघू शके. गणित न्यूयॉर्कमधील आयबीएम–७०४ या संगणकावर होई. संख्यांनी भरलेली चुंबकीय फीत प्रयोगशाळेत आणून ती परिवर्तकामार्फत ऐकावी लागे. स्वर लिहिणे व तो ऐकणे यांत त्यामुळे मोठा अवधी जाई. वादकाला आपली चूक तत्क्षणी कानी पडून सुधारता येते. ती सोय येथे मुळीच नव्हती.

१९५८ च्या ‘म्यूझिक–२’ मध्ये चार स्वर एकाच वेळी काढता येऊ लागले. खरी प्रगती १९६० च्या ‘म्यूझिक–३’ मध्ये झाली. तीत ध्वनी निर्माण करणारे, मिसळणारे व त्याची तीव्रता कमी-अधिक करणारे छोटे घटक स्वतंत्र ठेवलेले होते. रचनाकाराने ते हवे तसे जोडून आपले ‘वाद्य’ बनवावे व त्याने काय वाजवावयाचे ते वेगळ्या स्वरलेखात द्यावे, अशी ही योजना होती. १९६८ ची ‘म्यूझिक–५’ ही आज्ञावली फोर्ट्रान भाषेत लिहिलेली असल्यामुळे ती निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांवर वापरता आली. बॅरी व्हर्को यांची १९८६ मधील ‘सी-साउंड’ ही आज्ञावली याच परंपरेतील आहे.

स्वररचनेतील उपयोग : इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर (१९२४–९४) व लेनर्ड आयझॅक्सन यांनी वेगळा मार्ग धरला. हिलर मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते. इलियाक या संगणकाकडून यादृच्छिक संख्या काढून घ्यावयाच्या, त्यांना स्वर मानावयाचे आणि पाश्चात्त्य स्वररचनेच्या नियमांत न बसणारे स्वर टाकून द्यावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. एका भागात कोणत्या स्वरानंतर कोणता स्वर येण्याचा संभव किती, याचे गणितही योजले होते. तंतुवाद्य-चतुष्टयासाठी तयार झालेल्या ‘इलियाक स्वीट’ या रचनेचे पहिले तीन भाग ऑगस्ट १९५६ मध्ये सादर झाले व १९५७ मध्ये रचना पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली. संगणकाने येथे एकही ध्वनी काढला नाही. त्याची उत्तरे स्वरलिपीत उतरवून वादकांनी ती वाजविली. पुढे फ्रान्समध्ये यानिस झेनाकिस (१९२२–२००१) यांनी संभाव्यतेच्या सिद्धांतावर आधारलेल्या रचनांसाठी संगणक वापरला. त्यांपैकी ‘एसटी/१०’ ही १९६२ मध्ये पॅरिसमध्ये सादर झाली.

नादगुणाचे संशोधन : कोणताही ध्वनी काढता येतो, या तत्त्वाची प्रत्यक्ष कसोटी लागली, तेव्हा निराशाच पदरी आली. पाठ्यपुस्तकांतील माहितीनुसार मूळ स्वर व त्याच्या पटीतील उपस्वर ठराविक प्रमाणात मिसळले, तरी तुतारीवर्गीय वाद्याचा नाद निघेना. तो निर्जीव वाटे. फ्रेंच भौतिकीविज्ञ व रचनाकार झां-क्लोद रिसे (१९३८–२०१६) यांनी १९६४–६५ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रम्पेटच्या ध्वनीचे संगणकाद्वारे विश्लेषण केले. उपस्वरांचे प्रमाण स्थिर नसून स्वर जसा जोरकस होतो तसा वरच्या उपस्वरांचा वाटा वाढतो, असे त्यांना आढळले. स्वराच्या आरंभी सर्व उपस्वर एकदम उमटत नाहीत, हेही दिसून आले. हा बदल गणितात घेताच कानाला ट्रम्पेट ओळखू येऊ लागला. वाद्याची ओळख त्याच्या स्थिर नादात नसून नादाच्या क्षणोक्षणी होणाऱ्या बदलात आहे, हा निष्कर्ष वाद्यविज्ञानालाही उपकारक ठरला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग (१९३४– ) यांनी मॅथ्यूज यांचा लेख वाचून १९६४ मध्ये या कामास प्रारंभ केला. स्वर वरखाली डोलविण्याचा प्रयोग करीत असता १९६७ मध्ये त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. डोलण्याचा वेग व पल्ला फार वाढविल्यास आपल्या आंदोलनासारखा हेलकावा ऐकू येईनासा होतो आणि त्याऐवजी अनेक उपस्वरांचा नवाच नाद ऐकू येतो. अनेक तरंगांची बेरीज करण्याऐवजी दोनच तरंगांत समृद्ध नाद मिळू लागल्याने गणिताचे श्रम पुष्कळच कमी झाले. ही कंप्रता-विरूपणाची पद्धत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. जपानच्या यामाहा कंपनीने तिचे हक्क घेऊन १९८३ मध्ये डीएक्स–७ हे अंकीय वाद्य बाजारात आणले.

घरगुती संगणकांचा काळ : १९७५ पर्यंत हे काम मोठ्या संस्थांपुरते मर्यादित होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींच्या सभेत स्टीव्ह डॉम्पियर यांनी अल्टेअर या लघुसंगणकावर गाणे वाजवून दाखविले. त्या संगणकाला ध्वनिक्षेपक नव्हता. शेजारी ठेवलेल्या रेडिओत संगणकाच्या विद्युत् क्रियांमुळे होणारी खरखर हाच त्यांचा स्वर होता. सिडनी व मँचेस्टर येथील युक्तीच जणू हौशी लोकांना नव्याने सापडली होती. १९८२ च्या कमोडोर–६४ या घरगुती संगणकात तीन स्वर एकाच वेळी काढणारी स्वतंत्र ध्वनिचकती होती. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये व संगणक परस्परांना जोडण्यासाठी ‘मिडी’ हा संकेत प्रमाण मानला गेला, आणि १९८५ च्या अटारी एसटी संगणकात त्याची जोडणी मुळातच पुरविली होती.

मिडी संकेतातून ध्वनी वाहत नाही. कोणती पट्टी केव्हा, किती जोराने दाबली व केव्हा सोडली, एवढीच वार्ता वाहते. पियानोवर्गीय संगीताला ती पुरेशी पडते. भारतीय संगीतात मात्र दोन स्वरांमधील मींड, गमक व श्रुतिभेद यांवर रागाचे रूप अवलंबून असते. पट्टीच्या कल्पनेवर उभारलेल्या या संकेतात त्यांसाठी स्वर सरकविण्याची वेगळी आज्ञा जोडून द्यावी लागते. मॅथ्यूज यांच्या नमुनापद्धतीला अशी मर्यादा नाही. तीत कंप्रता कोणत्याही दोन बिंदूंमध्ये हवी तशी वळविता येते. मात्र मींड नेमकी कशी वळते, हे आधी गायकाकडून ऐकून व मोजून घ्यावे लागते. ट्रम्पेटच्या बाबतीत आलेला अनुभव येथेही लागू पडतो. यंत्राची गती आता अडसर राहिलेली नाही. पूर्वी तासन्‌तास चालणारे गणित साधा संगणकही तत्क्षणी करतो. संगीताचे सूक्ष्म ज्ञान मात्र त्याला बाहेरूनच पुरवावे लागते.