नॉचपासून ड्राइव्हपर्यंत

मुंबईच्या मढमध्ये रेल्वे नाही. कामाला निघायचं तर २७१ नंबरच्या बसने मालाड गाठायचं, नाहीतर जेट्टीवरून बोटीने वर्सोवा. पुढचा प्रवास मात्र विजेच्या मोटरीवर. डब्यांचे रंग आणि दारं यांवर आपण भरपूर बोलतो. पण लोकलमधला सगळ्यात मोठा बदल डब्याच्या पोटाखाली झाला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली. १९२८ च्या जानेवारीत कुलाबा-बोरिवली मार्गावरही वीज आली. वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी, खाली डीसी मोटरी. पुढची कित्येक दशकं गाडी सोडायची पद्धत तीच राहिली. सुरुवातीला मोटरींच्या वाटेत रेझिस्टन्स घालायचे, मग एकेक नॉच, म्हणजे पायरी, पुढे सरकत ते काढून टाकायचे. आधी मोटरी सिरीजमध्ये, नंतर पॅरलल. प्रत्येक नॉचला हिसका बसे आणि उभी गर्दी कड्यांना लोंबकळत मागे झुके. अडवलेली वीज रेझिस्टन्स तापवण्यात जाई. स्टेशनं दीड-दोन किलोमीटरवर असलेल्या मार्गावर दर थांब्याला हेच व्हायचं. शिवाय मोटरीतले कार्बन ब्रश झिजत, ते बदलत राहावे लागत.

ब्रश नसलेली दणकट मोटर जगाला केव्हाच माहीत होती. निकोला टेस्लाची पेटंटं १८८८ ची. पिठाच्या गिरणीत, पंपावर हीच तीन फेजची इंडक्शन मोटर असते. उलटी फिरायला लागली की वायरमन दोन वायरींची अदलाबदल करतो, काम झालं. अडचण वेगाची. तो फ्रिक्वेन्सीला बांधलेला: ५० हर्ट्झवर चार पोलची मोटर मिनिटाला १५०० च्या जरा खालीच फिरणार. गिरणीला ते चालतं. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला कसं चालेल?

उत्तर मिळालं ते ड्राइव्हमध्ये. तो डीसी वीज घेतो आणि सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांनी तिचे तीन फेज घडवतो, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे. गाडी सुटताना फ्रिक्वेन्सी अगदी कमी आणि व्होल्टेजही कमी. मग दोन्ही जोडीने चढत जातात, म्हणजे मोटरीतलं चुंबकत्व टिकतं आणि जोर कमी होत नाही. दिशा उलटवायला एकही वायर हलवावी लागत नाही, स्विचांचा क्रम बदलला की झालं. ब्रेक लावताना तर फ्रिक्वेन्सी मोटरीच्या वेगापेक्षा खाली आणतात. मोटरच जनित्र होते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. मला या सगळ्या यंत्रणेत हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

मुंबईत अशा गाड्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या २००७ मध्ये. डबे चेन्नईचे, विद्युत यंत्रणा सिमेन्सची. प्रवाशांनी लगेच नाव पाडलं, ‘सिमेन्स गाडी’. सुटताना हिसका नाही, त्याऐवजी डब्याखालून चढत जाणारा सूर. रेल्वेने सांगितलेली विजेची बचत तीस टक्क्यांच्या वर होती.

२०१२ मध्ये पश्चिम रेल्वेवरची आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बरवरची डीसी वीज बंद झाली. आता २५ हजार व्होल्ट एसी. गाड्या मऊ धावतात त्या एसी विजेमुळे, असं बरेच जण सांगतात. ते बरोबर नाही. तारेतली एसी गाडीत आधी डीसी होते आणि मगच ड्राइव्हकडे जाते. सिमेन्सच्या गाड्या १५०० व्होल्ट डीसीवरही तितक्याच सफाईने सुटत होत्या. तारेतल्या बदलाने वीजपुरवठा सुधारला. चाल सुधारली ती ड्राइव्हने. ८ जून २०१४ पासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रोही याच तत्त्वावर धावते आहे.

लोकलच्या इतिहासात १९२५ ला मान आहे, तो असायलाच हवा. पण त्याच्या शेजारी २००७ हे सालही तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलं पाहिजे.